एक शून्य कमी

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात पोतनीस राहतात. आमची गल्ली एवढी अरुंद की त्यांच्या घरातली फोडणी आम्हाला शिंका आणते आणि आमच्या घरातलं भांडण त्यांना पहिल्या वाक्यापासून कळतं. त्यामुळे विनता पोतनीसची ही हकिगत मी सांगते आहे तर ती ऐकीव नाही, बरीचशी पाहिलेली आहे. थोडी तिच्या सासूबाईंनी, इंदिराकाकूंनी सांगितलेली.

विनता सरकारी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिचा नवरा अनिमेष वीज कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. माणूस कंजूष नाही, हे आधीच सांगते. पाहुण्याला आग्रह करून वाढतो, वर्गणी मागायला आलं तर सगळ्यांपेक्षा पन्नास रुपये जास्तच देतो. पण घरात काहीही नवं आलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "केवढ्याला?" वस्तू काय आहे, कशासाठी आणली, हे सगळं मागाहून. भाव कळल्याशिवाय त्याला वस्तू नीट दिसतच नाही.

विनता लग्न होऊन या घरात आली, त्या पहिल्याच दिवाळीत तिनं स्वतःच्या पगारातून साडी घेतली. इंदिराकाकूंनी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"केवढ्याची?"

"बावीसशेची."

"त्याला सांगितलं का?"

"अजून नाही."

"मग चौदाशे सांग."

"अहो आई, पण पैसे माझेच आहेत."

"पैशाचा सवालच नाही, बेटा. पुरुषांना खरा भाव सांगितला की त्यांना ॲसिडिटी होते. इतकी वर्षं झाली, मी ह्याच्या बाबांना एका साडीचा खरा भाव सांगितलेला नाही. पाहा, माणूस कसा ठणठणीत आहे." आणि खरंच, सासरे बाहेर ओट्यावर शेंगा फोडत ठणठणीत बसलेले होते.

विनता हुशार मुलगी. तिनं चौदाशे सांगितलं, अनिमेष म्हणाला, "अच्छा, ठीक आहे," आणि घरात शांतता नांदली. तेव्हापासून त्या घरात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत, एक दुकानातला आणि एक दिवाणखान्यातला. हे वीस वर्षं बिनबोभाट चाललं. मग विनताला ट्रायथलॉनचं वेड लागलं.

ते लागलं एका हरण्यातून. कॉलेजच्या वार्षिक खेळांत बाईमाणसांसाठी स्लो सायकलिंग ठेवलं होतं. जी सगळ्यात शेवटी पोचेल ती पहिली, असला तो खेळ. पंचेचाळीस वर्षांची विनता सायकलवर बसली आणि शिट्टी वाजताच सुसाट पलीकडे जाऊन थांबली. बाकीच्या अजून डगमगत उभ्या होत्या. सगळे हसले. तिची जुनी विद्यार्थिनी अमिता तिथे पाहुणी म्हणून आलेली होती. ही अमिता कांचघरला राहते, वकिली करते आणि पहाटे सायकलवाल्यांचा एक ग्रुप घेऊन भेडाघाटपर्यंत जाऊन येते. ती विनताजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आप गलत रेस में हो."

झालं. लहानपणी वडिलांनी ग्वारीघाटला नर्मदेत पोहायला शिकवलेलं होतंच. विनता पहाटे भंवरतालच्या तलावावर जाऊ लागली. डुमनाच्या रस्त्यावर धावू लागली. कॉलेजच्या काळातली सायकल तेल घालून बाहेर काढली. तीन खेळ, एकामागून एक, मध्ये न थांबता. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं.

वेगवेगळे पाहिले तर तिन्ही खेळ गरिबाचे. पोहायला नदी आहे, धावायला रस्ता आहे, सायकल तर दूधवाल्याकडेही असते. पण तिन्ही एकत्र केले आणि त्याला इंग्रजी नाव दिलं की ते गरिबाचे राहत नाहीत, हे विनताला हळूहळू कळलं. आधी बूट आले, तेरा हजारांचे. दिवाणखान्यात ते तीन हजारांचे झाले. मग घड्याळ आलं. ते हृदयाचे ठोके मोजायचं, झोप मोजायचं, आणि विनता नुसती बसली तर ऊठ म्हणून सांगायचं. बेचाळीस हजार.

"केवढ्याला?" अनिमेषनं विचारलं.

"सेल होता ना. पाच हजार."

"पाच हजारात एवढं बोलतं?"

"चिनी असेल," विनता म्हणाली.

मग पुण्याचा एक कोच ठेवला. तो फोनवरच कोचिंग करायचा, महिन्याला सहा हजार. घरी सांगितलं, अमिताच्या ओळखीचा मुलगा आहे, फुकट सांगतो. मग खायची पाकिटं आली. बोटाएवढं पाकीट, आत चिकट गोड रस, एकेक एकशेसाठ रुपयांचं. इंदिराकाकूंनी त्यातलं एक कात्रीनं कापून चाटून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर पाक आहे गं. आपला जास्त झाला की आपण फेकून देतो." इंदिराकाकू या सगळ्यात पहिल्यापासून सामील. खरे भाव त्यांना ठाऊक असायचे, आणि दिवाणखान्यातला भाव काय ठेवायचा हे दोघी मिळून ठरवायच्या. मला वाटतं, काकूंना ट्रायथलॉन त्यातूनच आवडायला लागलं.

राहता राहिली सायकल. ग्रुपबरोबर विनता भेडाघाटच्या रस्त्याला लागली की ती धुआंधार धबधब्याच्या वळणाला पोचेपर्यंत बाकीचे चहा पिऊन मोकळे झालेले असायचे. अमिता एक दिवस स्पष्टच बोलली, "मॅडम, पाय ठीक आहेत. सायकल ठीक नाही."

नेमका त्याच महिन्यात विनताच्या पगाराचा थकलेला एरियर जमा झाला होता. घरी तिनं ते सांगितलं नव्हतं. तिनं सायकल मागवली. कार्बनची, लाल रंगाची, दोन लाख पासष्ट हजारांची. ती अमिताच्या घरी उतरली, तिथेच जोडली, आणि एका रविवारी सकाळी विनता तिच्यावर बसून गल्लीत आली. मी खिडकीतच होते. अनिमेष ओट्यावर पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली केला.

"केवढ्याला?"

सासूसुनेनं रात्रभर विचार करून ऐंशी हजार हा आकडा ठरवला होता. पण ऐन वेळी विनताच्या तोंडून निघालं, "साडेसव्वीस."

"हजार?"

"हजार."

ऐंशी राहिले बाजूलाच, पोरीनं सरळ एक शून्यच उडवलं. आत इंदिराकाकूंच्या हातून झारा पडला, तो मला इकडे ऐकू आला. अनिमेषनं सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली. "एकदम हलकी आहे. सस्ती आहे म्हणून असेल," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

इथवर सगळं रीतसर झालं. पुढे गणपती आले.

आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव म्हणजे जबलपुरातली निम्मी मराठी मंडळी दहा दिवस एकमेकांच्या डोळ्यांसमोर. पहिल्याच दिवशी आरती झाल्यावर, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन, अनिमेष सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या विनतानं काय सायकल आणली! विमानाच्या मटेरियलची आहे. फक्त साडेसव्वीस हजार. तिची थेट ओळख आहे ना कंपनीत." कुठलीच ओळख नव्हती. विनता लांबून ऐकत होती आणि तिच्या हातातला द्रोण वाकडा होत होता.

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब सुभेदार. सत्तरी ओलांडलेले, देहानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. त्यांना डॉक्टरनं साखरेसाठी सायकल चालवायला सांगितलेली. त्यांनी विनताला तिथेच गाठलं.

"विनता बेटा, मलाही एक मागव. अशीच. लालच पाहिजे."

"भय्यासाहेब, स्टॉक संपला हो त्यांचा."

"संपला तर येईल ना. मी काय उद्या मरून राहिलो का?"

मग आणखी तिघांनी शब्द टाकला. त्यातली एक मी. माझा भाचा अक्षत नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याला सायकल हवी होती, आणि साडेसव्वीसमध्ये विमानाच्या मटेरियलची मिळत असेल तर कोण सोडेल? मी विनताला विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "शर्मिला, कुणाला सांगू नको, पण ती कंपनी बुडाली." मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मोदक वळताना कळलं की दुसऱ्या एकीला तिनं कंपनीला आग लागल्याचं सांगितलंय, आणि तिसरीला मालक दुबईला पळाल्याचं. एकच कंपनी एका आठवड्यात तीन तऱ्हांनी मेली, तेव्हा बायकांत कुजबुज सुरू झाली. म्हणे, विनता ती सवलत फक्त आपल्या माणसांना देते. मग आम्ही काय परके?

आणि अनिमेष? तो घरी येऊन तिला वरून समजावणार, "अगं, देऊन टाक ना यार. आपलेच लोक आहेत. नाराज काहून करून राहिली?"

विसर्जनानंतर भय्यासाहेब स्वतः पोतनीसांच्या घरी आले. पाकिटात रोख साडेसव्वीस हजार, त्यावर कुंकवाचं बोट. "नवी वस्तू घेतो आहे, म्हणून," ते म्हणाले. पाकीट विनताच्या हातात ठेवून, चहा पिऊन, निघून गेले. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

विनता आणि अमिता एका दुकानात गेल्या आणि साधी गियरची लाल सायकल घेतली. लोखंडी, दणकट, एकतीस हजारांची. त्याहून स्वस्तात लाल रंग मिळेना. वरचे साडेचार हजार विनतानं गुपचूप आपल्या पदरचे घातले. भय्यासाहेब न्यायला आले. त्यांनी आधी दोन बोटांनी, मग चार बोटांनी, मग दोन्ही हातांनी सायकल उचलायचा प्रयत्न केला.

"तुझी तर बोटावर उचलते म्हणे. ही काहून उचलत नाही?"

विनता जराही न अडखळता म्हणाली, "भय्यासाहेब, ही वजनदार माणसांसाठी असते. माझी तुम्ही घेतली तर वाऱ्यानं उडून जाल."

वजनदार माणूस हा शब्द भय्यासाहेबांना पटला. ते सायकलवर बसले, घंटी वाजवत गल्लीबाहेर गेले, आणि वळणावर फळवाल्याच्या गाडीला थोडं लागून पुढे निघाले. विनता आत जाऊन पाणी प्यायली. अनिमेष दारात उभा राहून खोकत होता. तेव्हा मला तो खोकलाच वाटला.

नोव्हेंबरात शर्यत होती, गोव्याला. दीड किलोमीटर समुद्रात पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावायचं. नुसती प्रवेशफीच अशी होती की तिचा दिवाणखान्यातला भाव ठरवायला दोघींना दोन दिवस लागले. विमानानं सायकल न्यायची तर आणखी पैसे, म्हणून जबलपूरहून मडगावला जाणारी गाडी धरायची ठरली. अनिमेष म्हणाला, "मीही येतो. आईलाही नेऊ. समुद्र पाहील." सायकल सुटी करून एका मोठ्या टणक पेटीत भरली. ती पेटीसुद्धा भाड्यानं आणलेली.

मी तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन स्टेशनवर गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी लागली. दोन कुली ती पेटी डब्यात चढवत होते. दाराशी गर्दी, मागून कुणाची तरी ट्रंक आली, पुढच्या कुलीचा पाय सटकला, आणि पेटी फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीकडे कलली. विनता किंचाळायच्या आत अनिमेष पुढे धावला आणि आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला,

"अरे संभाल के! दो लाख पैंसठ हजार की है!"

पेटी वाचली. कुलीनं ती छातीशी धरून घाबरत विचारलं, "साहब, है क्या इसमें? तोप?" जबलपुरात तोपा बनतात, त्यामुळे तो काही विनोद नव्हता, रीतसर चौकशी होती.

विनता अनिमेषकडे पाहत होती. अनिमेष डब्याच्या नंबराकडे असा पाहत होता, जणू तो नंबर आयुष्यात पहिल्यांदा दिसतोय. इंदिराकाकूंनी पदर तोंडाला लावला होता. एवढ्यात शिट्टी झाली, तिघं चढले आणि गाडी माझ्यासमोरून निघून गेली. पुढचं कळेपर्यंत मला आठवडाभर थांबावं लागलं. तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. पुढचं सगळं इंदिराकाकूंनी सांगितलेलं.

मदनमहल गेलं, भेडाघाटचं स्टेशन गेलं. नरसिंहपूर आलं तेव्हा विनतानं तोंड उघडलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"अहो!"

"पहिल्या दिवसापासून," अनिमेष म्हणाला. "आंघोळीला मोबाइल घेऊन गेलो होतो. सायकलवर नाव लिहिलेलं होतं. नाव टाकलं, भाव आला. बाहेर यायला इतका वेळ काहून लागला असं आईनं विचारलं पण होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"आधी राग आला. मग म्हटलं, पाहू, किती दिवस टिकवते. मग मंडळात सहज बोलून गेलो आणि तुझा चेहरा पाहिला." त्याला हसू आवरेना. "मग मजाच येऊन राहिली होती."

"भय्यासाहेबांना?"

"मीच पाठवलं. कुंकू पण मीच सुचवलं."

विनतानं रेल्वेची उशी उचलून त्याला दोनदा मारली. समोरच्या बर्थवरच्या माणसानं आपल्या मुलाला दुसरीकडे बघायला सांगितलं. "आणि माझे साडेचार हजार गेले ते?"

"कुठले साडेचार?"

तिनं सांगितलं. तेव्हा मात्र अनिमेषचं हसू गेलं. "एकतीसची सायकल तू साडेसव्वीसला दिली? घाटा खाऊन?" दोन लाख पासष्ट हजार त्यानं महिनोन्महिने हसत सोसले होते, पण हे साडेचार हजार त्याला पिपरियापर्यंत लागून राहिले.

पिपरियानंतर विनतानं शांतपणे विचारलं, "राग आला म्हणालात. पैशांचा?"

"नाही. पैसे तुझे आहेत." तो खिडकीकडे पाहत म्हणाला. "एरियर आला, ते सांगितलं नाहीस. ते मला ऑफिसात तुझ्या कॉलेजच्या क्लर्ककडून कळलं. तेव्हा वाईट वाटलं."

"तुम्ही 'केवढ्याला' सोडून कधी काही विचारता का? वर्ष झालं. किती पोहते, पाय कुठे दुखतो, भीती वाटते का. एकदा तरी?"

काकू म्हणाल्या, अनिमेषचा असा पडलेला चेहरा त्यांनी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा पाहिला. वातावरण हलकं करावं म्हणून त्या हसून म्हणाल्या, "जाऊ दे रे. बायकांच्या वस्तूंचे खरे भाव पुरुषांना कळूच नयेत."

"आई, तू तर हसूच नको. बाबांनाही सगळं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"साड्यांचे भाव. तू बडे फुहाऱ्याच्या बाजारातून साडी आणली, की दुसऱ्या दिवशी ते त्या दुकानात जाऊन विचारून यायचे. मला घेऊन जायचे, मला तिथे पेढा मिळायचा. घरी आल्यावर तुला म्हणायचे, वा, स्वस्तात मिळाली."

इंदिराकाकूंच्या हातातली पुरी हातातच राहिली. "ती जांभळी नारायणपेठ?"

"पाचशे ऐंशी. तू अडीचशे सांगितली होती."

"दोनशे चाळीस," काकूंनी दुरुस्त केलं. मग पुरी डब्यात परत ठेवून विचारलं, "मग ते मला बोलले काहून नाहीत?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, भाव कमी करून सांगताना ती जी खूश होते ना, तेवढी साडी नेसून पण होत नाही. होऊ दे."

सासरे जाऊन आता सहा वर्षं झाली. मला हे सांगताना काकूंनी चष्मा काढून पुसला. "शर्मिला, जन्मभर मी समजत होते, मी त्यांना फसवते आहे. ते मलाच फसवत होते गं." आणि मग एकदम हसल्या, "आणि मी तर त्यांच्या ॲसिडिटीची काळजी करत होते!"

गोव्यात जिथे सगळे खेळाडू सायकली जमा करत होते, तिथे विनताची सायकल गरिबाघरची वाटायला लागली. कुणाची सायकल कारच्या किमतीची. कुणाचं नुसतं मागचं चाक विनताच्या आख्ख्या सायकलीएवढं महाग. कुणी सोबत मालीशवाला आणलेला, कुणी स्वयंपाकी. अनिमेषला मात्र स्वर्ग सापडला. तो एकेका सायकलपाशी जाऊन "केवढ्याला?" विचारत फिरला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच लोक आनंदानं, चहा पाजून, भाव सांगत होते. मुंबईच्या एका डॉक्टरानं तेवढं इकडेतिकडे पाहून उलट विचारलं, "खरा सांगू, की घरी सांगितलेला?" अनिमेषनं त्याला मिठीच मारली म्हणे.

इंदिराकाकू तिथल्या दुकानांत शिरल्या. दोन हजारांची टोपी त्यांनी साडेतीनशेला मागितली. दुकानातली मुलगी म्हणाली, "आंटी, फिक्स प्राइस." काकूंनी तिथेच स्टूल घेऊन ठाण मांडलं. शेवटी टोपी नाही मिळाली, पण पाण्याची एक बाटली आणि दोन चिकट पाकाची पाकिटं फुकट मिळाली.

आणि शर्यत. समुद्र काही विनताच्या ओळखीचा नव्हता. नर्मदा एका दिशेला वाहते, तिला समजून घेता येतं. हा चहूकडून यायचा. पहिल्या पाचशे मीटरमध्ये तिच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं, कुणाची तरी लाथ गॉगलवर बसली, आणि तिला वाटलं, आपण एवढा सगळा खटाटोप करून बुडायला आलो. मग तिला ग्वारीघाटला वडील सांगायचे ते आठवलं, की पाण्याशी भांडायचं नाही, श्वास मोजायचा. ती श्वास मोजत बाहेर आली. वाळूत उभी राहिली तेव्हा तिच्या वयोगटातल्या सात बायकांत ती सातवी होती.

सायकलवर मात्र ती सुटली. लाल सायकल वाऱ्यासारखी निघाली आणि चाळीस किलोमीटरमध्ये विनतानं तिघींना मागे टाकलं. एक तर ती कारच्या किमतीची सायकलवाली होती. तिला मागे टाकताना विनतानं फारच गोड हसून "गुड मॉर्निंग" म्हटलं. हे तिनं मला तीनदा सांगितलं.

धावताना ऊन चढलं. सातव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. दोघी पुढे निघून गेल्या. अनिमेष दोरीपलीकडून तिच्या बरोबरीनं, चपला हातात घेऊन, वाळूतून पळत होता. "कुठे दुखून राहिलं? डावा की उजवा?" तो ओरडून विचारत होता. "डावा!" ती ओरडली. "बहुत अच्छा! म्हणजे, अच्छा नाही, पण चल! चल!" थोडं पुढे जाऊन त्याला दम लागला आणि तो वाळूत बसला. ती नाही बसली. सात बायकांत सहावी आली. इंदिराकाकूंनी शेवटच्या रेषेपाशी, सगळ्या गॉगलवाल्या गर्दीत, बोटं कडकडा मोडून तिची दृष्ट काढली, आणि मागून येणाऱ्या सुरतेच्या सातवीचीही.

परतीच्या गाडीत विनताला वरचा बर्थ मिळाला. मडगावला अंगातली गरमी टिकून होती, त्या जोरावर ती चढली. चढली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी जबलपूर आलं, डबा रिकामा झाला, तरी ती उतरेना. मांड्या अशा आखडल्या होत्या की पाय वाकतच नव्हता. एक पाय शिडीकडे सरकवला की दुसरा ओरडायचा. ती वर आडवी पडून हसत होती, हसली की पोट दुखत होतं, आणि पोट दुखलं की ती आणखी हसत होती. खाली अनिमेष हात पसरून उभा, बाजूला काकू सूचना देत होत्या. गाडी यार्डात जायची वेळ झाली.

शेवटी छावणीतला एक जवान मागून येत होता, त्यानं सामान खाली ठेवलं. त्यानं आणि अनिमेषनं मिळून विनताला आडवीच, गादीच्या वळकटीसारखी, खाली उतरवली आणि फलाटावरच्या बाकावर ठेवली. जवानानं घाम पुसला आणि काळजीनं विचारलं,

"एक्सीडेंट हुआ क्या मैडम का?"

"नहीं भैया," अनिमेष तिची चप्पल तिच्या पायात घालत म्हणाला, "शौक है."